आधी आपलं सांग

सेनगावच्या कोर्टात मी वीसेक वर्षं वकिली करते. एवढ्या वर्षांत पक्षकाराचं पहिलं वाक्य 'त्यानं' किंवा 'तिनं' या शब्दानं सुरू झालं नाही, असं क्वचितच घडलं. त्यानं बांध कोरला, त्यानं शिवी दिली, तिनं घर फोडलं. माणूस वकिलाकडे येतो तो दुसऱ्याबद्दल बोलायला. त्यात गैर काही नाही. आमचा धंदाच त्यावर चालतो.

याडीच्या ओट्यावर मात्र 'त्यानं' म्हणायला बंदी होती.

तिचं नाव गोमलीबाई. सेनगावहून जीपनं जावं लागतं अशा एका तांड्याच्या नायकाची ती विधवा. तांड्याचं नाव लिहीत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथंच राहतात. याडी म्हणजे त्यांच्या गोरमाटी बोलीत आई. नवरा होता तोवर तांड्यातली भांडणं तो मिटवायचा आणि ही आत बसून ऐकायची. तो गेल्यावर नायकीचा फेटा दिराला बांधला, पण भांडणं हिच्याच ओट्यावर येत राहिली. दिराला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. त्याला ऐकायला कमी यायचं.

बाई उंच, हाडापेरानं मोठी, आवाज पुरुषी. हनुवटीवर गोंदण. नवरा गेल्यावर दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या तिनं उतरवल्या होत्या. आयुष्यभर त्यांच्याखाली झाकलेली कातडी बाकीच्या हातापेक्षा उजळ दिसायची. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा 'तुम्ही' म्हणाले. ती म्हणाली, "मला याडी म्हणतीस आन् तुमी बी म्हणतीस? आईला कोण तुमी म्हणतं?" तेव्हापासून मी तिला अगंतुगं करू लागले. ती तर सगळ्यांनाच अरेतुरे करायची, ठाण्यातल्या जमादारालासुद्धा.

भांडण ऐकायला बसताना तिच्या हातात सूप असायचं. सुपात तूर, नाहीतर ज्वारी. माणूस बोलत असेतो ती खडे निवडत राहायची, मान खाली. बोलणारा जरा आडवळणाला गेला की सूप थांबायचं. ती वर बघायची नाही, काही म्हणायचीही नाही. नुसतं सूप थांबायचं आणि समोरच्याची जीभ अडखळायची.

तिचा नियम एकच होता. भांडणातल्या दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं. ज्याच्या हातून जास्त वाईट घडलं, त्यानं आधी बोलायचं, आणि फक्त स्वतः काय केलं तेवढंच सांगायचं. समोरच्याचं नाव काढायचं नाही. त्याचं झालं की दुसऱ्यानं स्वतःचं सांगायचं. "त्याचं तो सांगल. तू आधी आपलं सांग," एवढंच ती म्हणायची. दोघांचं सांगून होईपर्यंत निकाल नाही.

पहिल्यांदा मी हे पाहिलं ते एका बोकडाच्या चोरीत. तांड्यात आमचं कायदेविषयक शिबिर होतं. भाषणं व्हायची होती, पण सगळा तांडा याडीच्या ओट्यासमोर जमलेला, म्हणून आम्हीही तिकडेच गेलो. चोरानं मुकाट्यानं सांगितलं, बोकड मी नेलं, नरसीच्या बाजारात विकायला चाललो होतो. मग याडी मालकाकडे वळली.

"सांग की."

"माहं काय सांगायचं? माहं तर बोकड गेलं!"

सूप थांबलं. मालकानं इकडंतिकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि शेवटी म्हणाला, "त्या बोकडाची माय मी दुसऱ्या गावच्या कळपातून आणली व्हती. न इचारता."

सगळा तांडा हसला. चोर सगळ्यांत मोठ्यानं हसला. निकाल असा लागला की त्या दुसऱ्या गावच्या माणसाला बोलावून शेळी परत द्यायची, आणि बोकडाचं जेवण करून तिघांनी एका ताटात बसायचं. आमच्या शिबिराची भाषणं त्या दिवशी कुणी ऐकली नाहीत. पण जेवण आम्हालाही मिळालं.

याचा अर्थ मी तिची भक्त झाले असा नाही. आमची भांडणं पुष्कळ झाली. एकदा नवऱ्यानं मारलेली एक बाई ओट्यावर आली. नवऱ्यानं आपलं सांगितलं आणि मग याडीनं त्या बाईलाही उभं केलं. तोंड सुजलेलं, आणि ती सांगते आहे की भाकरी उशिरा टाकल्या. मी तिथंच उठले.

"याडी, मार खाणारीनं काय सांगायचं?"

"तिचं बी असतंच काही."

"काही नसतं. भाकरी उशिरा होणं हा गुन्हा नाही. तू दोघांना एका तागडीत घालतेस, तिथं न्याय होत नाही."

मी त्या बाईला घेऊन ठाण्यात गेले, तक्रार दिली. नवरा आत गेला, सुटला, आणि सुटल्यावर त्यानं तिला माहेरी नेऊन सोडलं ते कायमचं. याडीनं त्यावरून मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. पुढं असंच दुसरं प्रकरण आलं तेव्हा तिनं नवऱ्याला एकट्याला उभं केलं, बायकोला बसवून ठेवलं, आणि मला निरोप पाठवला, "वकीलबाईला सांगा, बाईला न्हाई इचारलं." त्या नवऱ्यानं मारणं थांबवलं का, ते मला माहीत नाही. तिलाही बहुधा नसावं.

ती कधी सेनगावला आली तर माझ्या ऑफिसात डोकावायची. खुर्चीवर बसायची नाही; उंबऱ्याजवळ खाली बसून बशीत चहा प्यायची. मी म्हणायची, शिक्षेची भीती असल्याशिवाय माणूस वळणावर राहत नाही. ती म्हणायची, "जेलातून आलेला माणूस म्या पाह्यलाय. त्याला वाटतं आता फिटलं सगळं. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात तो कशाला जाईल?"

"आणि जो तुझ्या ओट्यावर कबूलच करत नाही, त्याचं काय करतेस?"

"त्याला तुह्याकडं पाठवते," ती म्हणायची आणि चहा फुंकायची.

बीट जमादार या बोलण्यात असला तर हसायचा. आजूबाजूच्या गावात मोटारपंप चोरीला गेला, तरी पोलिसांची गाडी आधी तांड्यात यायची, ही तिथली जुनी रीत. याडीला ती पाठ होती. एकदा तो तिला म्हणाला, "तुमच्या तांड्यातली माणसं फार खरं बोलतात बघा. आमचं काम सोपं होतं." त्या वेळी आम्ही सगळेच हसलो होतो.

मग परशा आणि इंदलचं झालं.

दोघे चुलतभाऊ. विहीर सामाईक, वरची मोटार सामाईक, आणि दोघांच्याही हळदीला पाणी हवं. वीज येणार त्या वेळेला पाळी कुणाची, यावरून ठिणगी पडली. इंदल लोखंडी गज घेऊन परशाच्या अंगावर गेला. परशाच्या हातात सरपणाची कुऱ्हाड होती, ती त्यानं फिरवली. इंदलच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. असं प्रकरण आलं की दवाखाना पोलिसांना कळवतो, तसं कळवलं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा इंदल शुद्धीवर नव्हता. परशाच्या शेजारच्या शेतकऱ्यानं त्यानं पाहिलं तेवढं सांगितलं, आणि त्यानं पाहिली ती कुऱ्हाड. गज त्याला दिसलाच नव्हता. परशाला अटक झाली. मी त्याचा जामीन केला.

तो सुटून आला त्याच आठवड्यात याडीनं ओट्यावर दोघांना उभं केलं. मी होते. परशा म्हणाला, "म्या कुऱ्हाड मारली. रागात मारली. हात तुटंल हे दिसत व्हतं तरी मारली." इंदलच्या हाताला तेव्हा पट्टी होती. तो म्हणाला, "गज म्या आधी उचलला. डोक्यातच घालणार व्हतो." दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले. सूप एकदाही थांबलं नाही.

निकाल असा होता: इंदलचा हात गेला, म्हणून आता परशाचे हात इंदलचे. इंदलच्या पोराला नांगर धरता येईपर्यंत परशानं आधी इंदलचं शेत करायचं, मग स्वतःचं. आणि विहिरीवरची मोटार दोघांनी मिळून सुरू करायची, एकट्यानं नाही.

मला वाटलं होतं, चार दिवस चालेल. पण चाललं. परशानं इंदलची हळद काढली, शिजवली, वाळत घातली. दोघांच्या बायका एका कढईवर बसायला लागल्या. मी एकदा गेले तर इंदल डाव्या हातानं विडी ओढत परशाला शिव्या देत होता, की वाफा नीट ओढ, माझं शेत आहे, तुझं नाही. परशा म्हणाला, "मग ये की, तूच ओढ." दोघंही हसले. इतकं वाईट बोलून हसणारे लोक मी कोर्टात पाहिलेले नाहीत.

पण गुन्हा तांड्यात मिटला तरी कोर्टात मिटत नव्हता. धारदार हत्यारानं गंभीर जखम केल्याचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. फिर्यादी नको म्हणाला तरी सरकार चालवतं. असं का, तर पैसेवाला आणि दांडगा माणूस उद्या जखमीला दमात घेऊन रोज मिटवामिटव करेल. हे कारण खरं आहे. मी स्वतः असे दांडगे पाहिलेत, आणि त्यांच्याविरुद्ध हाच नियम मी हौसेनं वापरलाय. याडीला मी हे समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

आरोप ठेवायची तारीख आली. आदल्या दिवशी परशाला ऑफिसात बसवून मी स्वच्छ सांगितलं, "साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू म्हणायचं, कबूल नाही. मग खटला चालेल. साक्षीत इंदल येईल, गजाचं सांगेल. जीव वाचवायला हात उचलला, असा आपला बचाव आहे. तू सुटशील. निदान शिक्षा तरी हलकी होईल."

याडी उंबऱ्यापाशी होती. तिनं विचारलं, "इंदलला कधी इचारतील?"

"वर्षभरानं. कदाचित दोन."

"तवर ह्यानं न्हाई म्हणत ऱ्हायाचं?"

"'कबूल नाही' म्हणजे खोटं बोलणं नाही, याडी. सरकारला म्हणायचं, तुमचं तुम्ही सिद्ध करा. एवढंच."

ती मान हलवून उठली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला. परशा आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. मागच्या बाकावर इंदल, त्याची बायको, परशाची बायको, आणि कडेला याडी. सूप नव्हतं, तर तिची बोटं मांडीवरच्या रिकाम्या ओच्यात खडे निवडल्यासारखी हलत होती. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"व्हय साहेब," परशा म्हणाला. "म्या मारली. कुऱ्हाडीनं. रागात मारली."

आणि तो पिंजऱ्यात एका बाजूला सरकला. शेजारी माणूस उभा राहील एवढी जागा करून. मागून इंदल उठला आणि पुढं यायला लागला.

"ए, बस खाली," शिपाई म्हणाला.

मी उभी राहिले. आरोपीला समजलेलं नाही, थोडा वेळ द्यावा, म्हणाले. साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, पण माणूस सरळ. त्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ दिली.

बाहेर व्हरांड्यात मी परशावर ओरडलेच. "काल काय सांगितलं होतं मी?"

परशानं याडीकडं पाहिलं.

"म्या सांगितलं त्याला," याडी म्हणाली. "येताना जीपमधी. आधी आपलं सांग म्हणलं. मग इंदल त्याचं सांगल."

"इंदलला कुणी विचारणार नाही."

"काहून?"

"आज त्याला विचारायचा दिवस नाही. आणि यानं कबूल केलं की तो दिवस कधीच येत नाही. खटलाच संपतो."

"आसं कसं? एकाचंच ऐकून निकाल?"

इंदल मध्येच म्हणाला, "मॅडम, मी तयार हाये ना. मी सांगून ऱ्हायलो ना, गज म्या उचलला व्हता. दोन शबुद बोलू द्या मला."

"तुला बोलू देणं माझ्या हातात नाही, इंदल. याला 'नाही' म्हणू दे, तेवढंच आपल्या हातात आहे."

परशाची बायको पहिल्यांदाच बोलली. "म्हणा ना न्हाई. वकीलबाई सांगून राहिल्या तर म्हणा ना."

परशा पुन्हा याडीकडं बघायला लागला. याडी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तांड्यापुढं व्हय म्हणलाय हा. इंदलचं शेत त्या व्हयवर करून राहिला. हितं न्हाई म्हणला, तर मग तिथं काय म्हणला व्हता?" मग परशाला म्हणाली, "तुला वाटंल ते म्हण. म्या सांगत न्हाई आता."

पण सांगायचं ते सांगून झालं होतं. सुट्टीनंतर साहेबांनी त्याला दोनदा नीट समजावून विचारलं. तो दोन्ही वेळा होच म्हणाला. दोन्ही वेळा बाजूला सरकला.

शिक्षेवर बोलायची पाळी आली तेव्हा मी सगळं सांगितलं. गज, ओटा, हळद, एका कढईवर बसणाऱ्या बायका. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाले, "मॅडम, हे बचावात यायला हवं होतं. कबुलीनंतर मी याचं काय करू? किमान शिक्षेच्या खाली मला जाता येत नाही. या कलमात चांगल्या वर्तणुकीवर सोडताही येत नाही." त्यांनी कायद्याच्या मानानं कमीच दिली. दोन वर्षं सक्तमजुरी. पोलीस परशाला घेऊन निघाले तेव्हा इंदलनं त्याची चप्पल उचलून गाडीपर्यंत नेली. एक पायातून निसटली होती. डाव्या हातानं त्याला ती नीट देता येईना.

मी हिंगोलीला अपील केलं. कबुलीवरच्या निकालाला अपील फक्त शिक्षा किती यावर होतं, गुन्हा झाला की नाही यावर नाही. तारखा पडताहेत. बहुतेक अपील निघण्याआधी परशा सुटेल.

तांड्यात पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. परशा जेलात, म्हणजे इंदलचेही हात जेलात. इंदलनं शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलं आणि स्वतः आखाडा बाळापूरला एका धाब्यावर राखणीला गेला. मोटार दोघांनी मिळून सुरू करायची होती. आता दोघंही नाहीत. दोघांच्या बायका हळदीला वेगवेगळ्या चुली मांडतात. परशाची बायको याडीला शिवी देत नाही, भांडत नाही. पाण्यावर समोरून याडी आली की घागर दुसऱ्या कडेवर घेते आणि बाजूनं जाते. ओट्यावर कुणी येईनासं झालं. भांडण झालं की पोरं सरळ मोटारसायकल काढून ठाण्यात जातात, जो आधी पोचेल तो फिर्यादी.

निकालानंतर महिन्याभरानं याडी ऑफिसात आली. उंबऱ्यापाशी बसली.

"वकीलबाई, माहं काय चुकलं सांग."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हणाले, "मी नको म्हणत असताना तू त्याला कबूल करायला सांगितलंस. मला न विचारता."

तिनं मान हलवली. मग ओट्यावर माणसं उभी राहायची तशी उठून उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सोडून म्हणाली, "वकीलबाई नको म्हणत व्हती. तरी म्या त्याला म्हणलं, व्हय म्हण. त्या घराचा माणूस म्या जेलात धाडला. हे माहं."

आणि थांबली.

आता समोरच्यानं त्याचं सांगायचं असतं. ती वाट बघत उभी होती, मान खाली, घाई न करता, तिच्या नियमाप्रमाणे. खोलीत मी एकटीच होते. कोर्टाच्या वतीनं, कायद्याच्या वतीनं, त्या गाडीतल्या पोलिसांच्या वतीनं, त्या साहेबांच्या वतीनं मी काय सांगणार होते? सगळ्यांनी आपापलं काम बरोबरच केलं होतं. मी म्हणाले, "बस, चहा सांगते." ती बसली नाही. चहा यायच्या आत निघून गेली.

त्यानंतर ती ऑफिसात आली नाही. मी तिला पाहिलं ते यंदाच, कोर्टाच्या आवारात, टपरीच्या मागं. तिच्यासोबत तांड्यातला चाळिशीचा एक माणूस होता. मारामारीची केस, वकील दुसरे. मी झेरॉक्स घ्यायला थांबले होते. त्यांना मी दिसत नव्हते.

"साहेब इचारल, कबूल हाये का," याडी म्हणत होती. "काय म्हणशील?"

"न्हाई."

"मोठ्यानं म्हण. अन् हालू नको. एका जागी उभा ऱ्हा."

"न्हाई, कबूल न्हाई."

"आसं. पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं. मग जरा घुटमळला. "पर याडी, म्या खरंच त्याला दगडा—"

याडीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळा पंजा, घट्ट. दंडावरचा पदर सरकला, आणि पूर्वी बांगड्यांखाली उजळ राहिलेली ती कातडी दिसली. आता ती बाकीच्या हातासारखीच रापली होती.

"ते मला बी सांगू नको," ती म्हणाली.